बियाणे आणि उंबरठा

मराठीच्या अभ्यासकाला 'प्रत' हा शब्द रोजच लागतो. हस्तलिखिताची प्रत, छापील पुस्तकाची प्रत, संपादनासाठी आधारभूत मानलेली प्रत. परंतु प्रत जवळ असणे आणि प्रत दुसऱ्याला देता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गेली काही वर्षे घरच्या संगणकावरून जुनी मराठी नियतकालिके टोरेंटच्या मार्गाने इतरांपर्यंत पोहोचवण्याचा खटाटोप मी करीत आहे. त्या खटाटोपात हा भेद मला फार जवळून कळला. विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. पण त्यातला पेच आपल्या वाङ्मयेतिहासाला चांगलाच परिचित आहे असे वाटल्यामुळे हे टिपण लिहीत आहे.

आधी या खटाटोपाचे कारण सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा या दोन्ही नद्यांना महापूर आला. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. एका जागी राहणारी वस्तू एकाच आपत्तीत जाऊ शकते, हा त्या पुराचा साधा धडा होता. वास्तविक कोल्हापूरकरांना तो नवा असायचे कारण नव्हते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच गावात 'सैरंध्री' (१९२०) काढला, 'सावकारी पाश' (१९२५) काढला. हे मूकपट आज आपल्याला पाहता येत नाहीत. त्यांच्याविषयी आपण वाचतो, शिकवतो, त्यांच्या वास्तवदर्शनाचा गौरव करतो. पण तो गौरव ऐकीव आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची तर फक्त पहिली आणि शेवटची रिळे उरली, आणि तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मधला भाग कोणाजवळच नसला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आमच्या हाती आले ते मात्र चित्रपट नव्हते. एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या माळ्यावर 'ग्रंथमाला' या मासिकाचे काही बांधीव खंड निघाले. राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी १८९४ साली कोल्हापुरात हे मासिक सुरू केले. त्यातून ग्रंथ हप्त्याहप्त्याने छापले जात आणि वर्गणीदार ते पुढे एकत्र बांधून घेत. विजापूरकरांचे दुसरे मासिक 'विश्ववृत्त'. त्यातल्या एका लेखावरून १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला आणि विजापूरकरांना तुरुंगात जावे लागले. अशा नियतकालिकाचे अंक आज जिथे कुठे शिल्लक असतील तिथे ते कोणा वर्गणीदाराने घरात जपले म्हणूनच असणार. सरकारने ते जपावेत अशी परिस्थिती नव्हती.

टोरेंट म्हटले की चोरीचे चित्रपट डोळ्यांसमोर येतात, म्हणून हक्कांविषयीही स्पष्ट सांगते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. विजापूरकर आणि त्यांच्या मासिकात लिहिणारे वि. का. राजवाडे हे दोघेही १९२६ साली वारले. त्यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. उलट 'विश्ववृत्ता'तला तो खटल्याचा लेख श्री. दा. सातवळेकरांचा. ते १९६८ साली वारले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. त्या लेखाचा अंक उद्या हाती लागला तरी तोवर तो आमच्या यादीत येणार नाही. सत्तेने दडपलेला लेख आज कायद्याने थांबलेला असावा, ही गंमत आहे खरी. पण नियम तो नियम.

तर आम्ही तिघांनी (मी कोल्हापुरात, एक मित्र नागपुरात, एक मैत्रीण पुण्यात) त्या खंडांची पानेपाने छायांकित केली. सगळे मिळून सुमारे साडेचार जीबी भरले. ते इंटरनेट आर्काइव्हवरही ठेवले. मग टोरेंट कशाला, असे कोणीही विचारील. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते भले मोठे ग्रंथालय काही दिवस बंद राहिले, हे त्याचे एक उत्तर. नदीचा पूर काय किंवा हा पूर काय, एका जागेवर भिस्त ठेवू नये हेच खरे. गंमत म्हणजे ते आर्काइव्ह स्वतःही २०१२ पासून आपल्याकडच्या संग्रहांची टोरेंट उपलब्ध करून देत आले आहे.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ साली रचलेली ही पद्धत मुळात फार सुंदर आहे. मोठी फाइल लहान लहान तुकड्यांत वाटलेली असते. ज्याला ती हवी असेल तो हे तुकडे एकाकडूनच न घेता अनेकांकडून घेतो आणि मिळालेला तुकडा लगेच दुसऱ्याला देऊ लागतो. ज्याच्याजवळ सगळे तुकडे आहेत आणि जो केवळ देण्यासाठी थांबला आहे त्याला सीडर म्हणतात, म्हणजे बी पेरणारा. नुसते घेऊन निघून जाणाऱ्याला लीचर, म्हणजे जळू, असे म्हणण्याची पद्धत आहे. यात मला सर्वांत आवडलेला नियम असा, की समूहात जो तुकडा सर्वांत दुर्मीळ असेल तो आधी मागून घ्यायचा. जे थोड्यांजवळ आहे त्याची नक्कल आधी झाली पाहिजे! आपल्या ग्रंथालयांनी हा नियम आधीपासून पाळला असता तर किती काय वाचले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

प्रत्यक्षात मात्र बी रुजेना. माझ्या संगणकावर शंभर टक्के प्रत तयार होती, प्रोग्रॅम 'देत आहे' असे दाखवत होता, आणि नागपूरच्या मित्राच्या पडद्यावर शून्य टक्के. एक रात्र गेली, दोन गेल्या. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव यादीत दिसतंय, पण तुम्ही काही भेटत नाही."

येथून शोध सुरू झाला. तो क्रमाने सांगते, कारण असा प्रयत्न करणाऱ्या कोणालाही हीच वाट चालावी लागेल.

पहिली शंका प्रतीचीच घ्यायची. टोरेंटच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली पुन्हा तपासण्याची सोय असते. प्रत्येक तुकड्याची एक गणिती मुद्रा मूळ टोरेंटमध्ये नोंदलेली असते आणि तुकड्यातले एक अक्षर जरी बदलले तरी मुद्रा जुळत नाही. तपासणी झाली; प्रत निर्दोष निघाली.

दुसरी शंका घरातल्या राउटरची. घरात संगणक, फोन, दूरदर्शन संच अशी पाचसहा उपकरणे असतात, पण बाहेरच्या जगासाठी सर्वांचा पत्ता एकच असतो. घरातले पत्ते केवळ घरातच चालतात. वाड्यातल्या खोल्यांना असलेले क्रमांक टपालखात्याला ठाऊक नसतात, तसेच हे. आतून कोणी बाहेर काही मागितले तर उत्तर कोणत्या खोलीत द्यायचे ते राउटर लक्षात ठेवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आले तर त्याला कोणाकडे न्यावे हे त्याला कळत नाही, आणि तो त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवतो. म्हणून राउटरला सांगून ठेवावे लागते, की अमुक क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कोणी आले तर त्याला अमुक संगणकाकडे ने. आमचा क्रमांक होता ५१४१३. हे सांगून झाले. एक दिवस ते बरोबर राहिले आणि वीज जाऊन आली तशी राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला. पाहुणा रिकाम्या खोलीत जाऊ लागला. तेव्हा संगणकाचा घरातला पत्ता कायमचा राखून ठेवला. संगणकाच्या फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रॅमला परवानगी दिली. संगणक रात्री झोपी जात असे, तेही बंद केले.

तरीही दार बंदच. प्रोग्रॅममध्ये दार तपासण्याची सोय असते. प्रत्येक वेळी उत्तर एकच येई.

शेवटी तिसरी आणि खरी गोष्ट लक्षात आली. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा म्हणून जो पत्ता दिसतो आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला आपला जो पत्ता दिसतो, ते दोन्ही सारखे असायला हवेत. आमचे सारखे नव्हते. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत होता आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यानचा होता. हा पट्टा २०१२ साली एका विशिष्ट कामासाठी वेगळा काढलेला आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४.३ अब्ज, त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तेव्हापासून अनेक पुरवठादार शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात आणि आत हे १०० चे पत्ते वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे माझ्या घराबाहेर आणखी एक वाडा होता आणि त्याच्या दिंडीदरवाज्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. घरातले दार मी कितीही उघडे टाकले तरी गल्लीच्या तोंडाशीच पाहुणा अडवला जात होता.

पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली. एक तरुण तंत्रज्ञ आला. मोबाइलवर वेग मोजून तो समाधानाने म्हणाला, "मॅडम, नेट फास्ट हाय की तुमचं. पिक्चर बघताना अडकतोय काय?" मी म्हटले, "मला पाहायचे नाही, द्यायचे आहे." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "घरगुती कनेक्शनला तसं कुणी मागत नाही."

या मुलाचे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिले. त्याचा काहीच दोष नव्हता. घराला दिलेले इंटरनेट हे मुळातच घेण्यासाठी आखलेले असते. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचे त्या काळात तर खाली येणारा वेग आणि वर जाणारा वेग यांत उघड तफावत असे. घराला तोंड मोठे आणि हात लहान. फायबरमुळे हात मोठा झाला, तर दाराला दुसरे कुलूप लागले. घरबसल्या आपण जगातले काहीही वाचू शकतो, आणि तरीही आपल्या माळ्यावरचा खंड शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला थेट देऊ शकत नाही. आणि ही अडचण आपल्याला जाणवतही नाही, कारण घेण्यात काहीच खोट येत नाही. वाचक म्हणून आपण सुखी असतो. दाता म्हणून आपण अस्तित्वातच नसतो, हे देऊ पाहिल्याशिवाय कळत नाही.

बंद दार हे नेहमी वाईटच असते असे मात्र नव्हे. बाहेरून येणारा प्रत्येक जण काही ग्रंथ मागायला येत नाही. त्या उंबरठ्यामुळे घरातली उपकरणे सुरक्षित राहतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यामुळे ते पंथाच्या हाती टिकले, हे खरे. आणि त्यामुळेच मराठीचे आद्य गद्य विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुसंख्य मराठी वाचकांना ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे. राखणारे कुलूप आणि अडवणारे कुलूप एकच असते. ते केव्हा व कोणासाठी काढायचे हे ठरवणारे कोणीतरी लागते, इतकेच.

मग मार्ग कोणते? पुरवठादाराकडून जादा पैसे भरून स्वतंत्र, कायमचा पत्ता घेणे हा एक. नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे, पत्ते मिळत असतील तर ते वापरणे हा दुसरा. त्यात प्रत्येक उपकरणाला आपला स्वतःचा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका दारापुरती परवानगी द्यावी लागते. माझ्या जोडणीवर तेव्हा या दोहोंपैकी काहीच मिळेना. नागपूरच्या मित्राची तीच स्थिती. तोही सीजीनॅटच्या आड. आणि येथे या पद्धतीचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम कळला. ज्याचे दार बंद आहे तो बाहेर जाऊन दुसऱ्याचे दार ठोठावू शकतो. म्हणून दोघांपैकी एकाचे दार उघडे असले तर भेट होते. दोन बंद घरांची मात्र, कोणी तिसरा मध्यस्थ मिळाला नाही तर, भेट होत नाही. माझ्याजवळ प्रत होती, त्याला प्रत हवी होती, दोघेही रात्रभर जागे होतो; आणि दोघेही आपापल्या उंबरठ्याच्या आत.

पुण्याच्या मैत्रिणीकडे स्वतंत्र पत्ता होता. तिने एक पोर्ट उघडले आणि त्याच संध्याकाळी माझा संगणक तिच्या दाराशी जाऊन खंड देऊ लागला. तिच्याकडे तुकडे जमू लागले तसे नागपूरचा मित्र तिच्याकडून ते घेऊ लागला. तिसऱ्या दिवशी तिघांकडेही पूर्ण प्रत होती. माझे दार आजही बंदच आहे. मात्र एका उघड्या घरामुळे माझ्या घराचे देणे सुरू झाले.

या घटनेत मला ग्रंथालय या संस्थेची व्याख्याच दिसली. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर घ्या, किंवा कोणत्याही तालुक्याचे जुने वाचनालय घ्या. त्या काळी पुस्तके घरोघर थोडीबहुत होतीच. नव्हते ते अनोळखी माणसाने सरळ जाऊन उभे राहावे असे दार. सगळ्यांनी आपापली घरे सताड उघडी ठेवावीत अशी अपेक्षा कोणत्याच समाजात पुरी होत नाही; ती करूही नये. पण काही थोडी दारे कायम उघडी असली, तर बंद घरांतले संग्रहदेखील फिरते राहतात. वाचनालये मोडकळीला येतात तेव्हा पुस्तके कमी होतात असे आपण म्हणतो. खरे तर त्याहून अधिक काही कमी होते: उरलेल्या घरांनी एकमेकांना गाठायचे ठिकाणच जाते.

आणखी एक गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल म्हणून नोंदवते. आमच्या एका खंडात मुळातच चार पाने नव्हती. पुढे दुसऱ्या एका घरी त्याच अंकाची पूर्ण प्रत मिळाली आणि ती पाने आम्ही जोडली. पण चार पाने जोडताच गणिती मुद्रा बदलल्या, म्हणजे टोरेंटच्या दृष्टीने तो ग्रंथ वेगळा झाला. जुनी प्रत घेणारे एका समूहात राहिले, नवी घेणारे दुसऱ्या समूहात. दोन्ही आपापल्या जागी 'शुद्ध'. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तरी त्याआधीच्या पाठाचा शोध थांबला नाही. आपली प्रत एकनाथपूर्व असल्याचा राजवाड्यांचा दावा तर आपण सगळे शिकवतो. यंत्राला नक्कल बिनचूक झाली की नाही एवढेच सांगता येते. कोणती प्रत पूर्ण आणि कोणती विश्वसनीय, हे सांगायला अजूनही संपादक लागतो. आम्ही नव्या संचाच्या आरंभी एक टिपण जोडले: कोणती पाने कोठून आली, कोणती अस्पष्ट आहेत. जुना संच मोडला नाही. कोणी सांगावे, पुढेमागे त्यातल्याच एखाद्या पानावरचे अक्षर अधिक स्पष्ट निघायचे.

सध्या हे काम एका लहानशा, तळहाताएवढ्या संगणकावर चालते. त्याला वीज फारच थोडी लागते आणि दिवे गेले तरी तो इन्व्हर्टरवर निभावून जातो. वर जाणाऱ्या वेगाला मी थोडी मर्यादा घातली आहे. ती नसेल तर देण्याची रांगच इतकी लांबते, की घरातली साधी कामे अडतात आणि घरचे लोक या उपद्व्यापाला कंटाळतात. दातृत्व टिकवायचे तर ते घराला पेलले पाहिजे, हा व्यवहार येथेही सुटत नाही.

महिनोन्‌महिने कोणी काही मागत नाही. मग एखाद्या सकाळी दिसते, की रात्रीतून कोणीतरी एक खंड पूर्ण घेतला. तो कोण, कोठला, त्याने तो वाचला की नाही, हे कळायला मार्ग नाही. कळावे अशी अपेक्षाही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगते, की आपल्या घरात एखादा जुना अंक, एखादे बाड, आजोबांनी बांधून घेतलेला एखादा खंड असेल, तर तो नीट ठेवला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो मागायला उद्या कोणी अनोळखी माणूस निघाला, तर तो कोणत्या दाराशी येईल, याचा विचार करा. आपले दार उघडता येत नसेल, तर कोणाचे उघडे आहे ते शोधा आणि तेथवर तो पोहोचवा.